लांडग्यासाठी मेंढी घेतली, त्याचा सगळा हिशोब

ऑफिसात, नात्यात, सोसायटीच्या ग्रुपवर, सगळीकडं हेच चाललंय, "तू खरंच मेंढी दत्तक घेतलीस का, किती लागले, आणि लांडग्याचा काय संबंध?" प्रत्येकाला वेगळं सांगून दमले म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. कुणाला असं काही करायचं असेल तर निदान कुठं किती थांबावं लागतं आणि कोणते कागद लागतात ते तरी कळेल. मी सांगलीत राहते, टॅक्सच्या ऑफिसात काम करते, घरी शेती नाही, मेंढीशी माझा संबंध आजवर फक्त रविवारच्या मटणापुरता, हे आधीच सांगून टाकते.

खरं तर सुरुवात चित्त्यापासून झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून कुनोला आठ चित्ते आले, तेव्हा टीव्हीवर बघून मी थोडं वाचायला लागले आणि वाचता वाचता तिकडच्या चीता कन्झर्व्हेशन फंडापर्यंत पोचले. लॉरी मार्कर नावाच्या बाईंनी १९९० मध्ये ती संस्था काढली. तिथले शेतकरी शेळ्या-मेंढ्या मारतो म्हणून चित्त्याला गोळ्या घालायचे, तर ह्यांनी १९९४ पासून शेतकऱ्यांना अनातोलियन शेफर्ड आणि कंगाल जातीची कुत्र्याची पिल्लं द्यायला सुरुवात केली. पिल्लू लहानपणापासून शेळ्यांतच वाढतं, त्यामुळं कळप म्हणजेच त्याचं घर होतं, आणि चित्ता आला की ते मध्ये उभं राहून भुंकतं. चित्ता तसा अंगानं नाजूक गडी, त्याला जखम परवडत नाही, तो निघून जातो. शेळी वाचली, चित्ताही वाचला. मला हे फार पटलं, म्हणजे प्राण्याला वाचवायचं तर आधी शेळीवाल्याचं नुकसान थांबवा, एवढं साधं.

तर ऑगस्ट २०२४ मध्ये मी तिकडंच पैसे पाठवायला बसले होते. डॉलरमध्ये रक्कम, कार्डाचा फॉरेन मार्कअप, त्यावर परत जीएसटी, आणि परदेशी संस्था असल्यामुळं ८० जी ची, म्हणजे देणगीवर मिळणारी इन्कम टॅक्सची सूट नाही. ते चाललं असतं, पण आमचे अहो बियाण्यांच्या कंपनीत आहेत, आटपाडी-जत त्यांच्या फिरतीत, ते मागून बघत होते ते म्हणाले, "अगं नामिबियाला कशाला, आपल्याच जिल्ह्यात लांडगे आहेत की." मला खरंच माहिती नव्हतं! सांगली म्हणजे हळद, ऊस, कृष्णेचा पूर, फार तर चांदोलीचं जंगल. लांडगा आटपाडीच्या माळावर असतो आणि तिथं साधारण साडेनऊ चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र २०२३ मध्ये जाहीर झालंय, हे मला वयाच्या चाळिशीत कळलं.

मग वाचत गेले. भारतात लांडगे तीन हजारांच्या आसपास धरतात. वाघ २०२२ च्या गणतीत ३,६८२ निघाले, म्हणजे लांडगा वाघापेक्षाही कमी, वन्यजीव कायद्यात तोही पहिल्याच अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात, पण त्याच्यासाठी कुणी टी-शर्ट काढत नाही. लांडगा राहतो माळावर आणि माळ म्हणजे आपल्याकडं पडीक जमीन. तिथं सोलर टाका, प्लॉट पाडा, नाहीतर चांगल्या मनानं झाडं लावा. गवताळ माळावर ग्लिरिसिडियाची रोपं लावून ठेवली की फोटोत हिरवं दिसतं, पण चिंकारा, ससा सगळं तिथनं हलतं आणि मग लांडग्याला उरतात मेंढ्याच. त्यात टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं, लोकांचं भलं झालं, त्याबद्दल कोण काय बोलणार, पण चरायचं रान कमी झालं ते झालंच. मेंढ्या गेल्या की कुणीतरी वैतागून बिळात धूर करतं, नाहीतर मेलेल्या जनावरात विष घालून ठेवतं. एका रात्रीत अख्खी टोळी संपते.

अहोंच्या एका डीलरच्या ओळखीनं एका छोट्या संस्थेचा नंबर मिळाला. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं मी त्यांच्यावर जरा चिडणार आहे आणि माणसं चांगली आहेत. त्यांची योजना अशी: तुम्ही एका मेंढीचे पैसे द्यायचे, ती मेंढी ज्या धनगर कुटुंबाचं लांडग्यानं नुकसान झालंय त्यांच्या कळपात जाते, मालकी पूर्ण त्यांची. शिवाय दरवर्षी ३,००० रुपये द्यायचे, त्यातनं मेंढीचं लसीकरण, विमा, वाड्यावरच्या (वाडा म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ) कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपरची इंजेक्शनं, आणि उरलेलं नुकसानीच्या फंडात. बदल्यात त्या कुटुंबानं विष घालायचं नाही, बिळात धूर करायचा नाही, आणि लांडग्यानं काही नेलं तर फोन करायचा. कुत्र्यांची लस कशाला हे मी विचारलं होतं. कुत्र्यांचे रोग लांडग्यांना लागतात, आणि कुत्रा-लांडगा संकर व्हायला लागलेत ती आणखी वेगळी डोकेदुखी.

फॉर्म सोपा होता, नाव, पत्ता, पॅन, मोबाईल. सोबत एक दोन पानी संमतीपत्र. दूध, लोकर, कोकरं ह्यावर माझा हक्क नाही, मेंढी विकायचा निर्णय कुटुंबाचा, न सांगता भेटायला जायचं नाही, आणि लांडग्याच्या बिळाची जागा किंवा लोकेशनसकट फोटो कुठंही टाकायचा नाही. हे शेवटचं मला सगळ्यात आवडलं. तुम्ही कुठल्याही संस्थेला पैसे देत असाल तर हे चार प्रश्न नक्की विचारा: जनावर कुणाच्या नावावर होणार, मेलं तर काय, माझे पैसे त्याच जनावराला लागणार की एकूण कामाला, आणि १२ ए-८० जी ची, म्हणजे संस्थेच्या टॅक्स सवलतीची नोंदणी चालू आहे का. उत्तर द्यायला जो कंटाळतो त्याला पैसे देऊ नका. ह्यांनी सरळ सांगितलं की वर्षाचे ३,००० सगळ्या योजनेत एकत्र जातात, फक्त मेंढीचे तेवढे त्याच मेंढीला. मला तो सरळपणा बरा वाटला.

फॉर्म पाठवला आणि मग शांतता. सप्टेंबर अख्खा गेला, गणपती झाले, नवरात्र झालं. फोन केला की "कुटुंब ठरवतोय मॅडम". मी मनात म्हटलं गेलं हे. नंतर कळलं की खरंच ठरवत होते, कारण कुणाला द्यायची हे संस्था एकटी ठरवत नाही, गावातल्या मेंढपाळांची कमिटी ठरवते आणि त्यांची बैठक म्हणजे सगळे एका जागी सापडायला हवेत. शेवटी ऑक्टोबरात निरोप आला आणि २१ तारखेला मी १८,००० एनईएफटी केले, १५,००० मेंढीचे आणि ३,००० वर्षाचे. रोख देऊ नका हं, २,००० च्या वर रोख दिलं तर ८० जी मिळत नाही. आणि नव्या टॅक्स रेजिममध्ये असाल तर तशीही मिळत नाही, तेव्हा त्या आशेवर देऊ नका. जुन्यात असाल तर साधारण अशा संस्थांना निम्म्या रकमेची वजावट असते.

आमच्या सासूबाईंना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "मग बोकडासारखी दसऱ्याला मिळणार का?" नाही म्हटल्यावर त्यांचा इंटरेस्ट संपला.

९ नोव्हेंबरला शनिवार, आटपाडीचा बाजार. संस्थेचा मुलगा म्हणाला यायचं तर या. तासगाव, विटा, भिवघाट करत पोचलो तोवर बाजार अर्धा उलगडला होता, हा बाजार पहाटेचाच, त्यामुळं कुणी जाणार असाल तर मुक्कामाला जा नाहीतर सांगलीतनं तीनला निघा. ज्यांच्याकडं मेंढी जाणार ते मामा (सगळे त्यांना मामाच म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले) आधीच दोन-तीन मेंढ्या हेरून बसले होते. मला वाटलं होतं मेंढी बघायची म्हणजे तोंडाकडं बघायचं. मामांनी आधी खालचा ओठ खाली ओढून दात बघितले, मग मागनं वाकून कास दाबली, एकेक सड बोटात धरून बघितला, खूर उचलून मधल्या फटीत अंगठा फिरवून वास घेतला, पाठीच्या मणक्यावरनं हात ओढला, आणि मग काहीही न बोलता पुढच्या मेंढीकडं गेले. ती पहिली मला फार गोड वाटत होती. "एक सड मुका हाय तिचा," एवढंच बोलले, म्हणजे त्या सडातनं दूध येत नाही.

जी घेतली ती चार दाती (दातांवरनं वय ओळखतात), काळ्या तोंडाची, दुसऱ्यांदा गाभण. भाव टॉवेलखाली झाला. दलालानं खांद्यावरचा टॉवेल मामांच्या हातावर टाकला, आत बोटं दाबादाबी, मामा मान हलवतायत, परत बोटं, तो म्हणतोय "न्हाय ओ, परवडत न्हाय," आणि पैसे देणारी मी शेजारी उभी, मला आकडा माहिती नाही! शेवटी टॉवेल निघाला आणि संस्थेच्या मुलानं माझ्या कानात सांगितलं १३,८००. उरलेले १,२०० फंडात टाकतो म्हणाला, त्याचं नंतर व्हॉट्सअपवर लेखी आलं, ते मी मागितलं होतं म्हणून आलं, तुम्हीही मागा.

आता खरी गंमत. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून कानात बिल्ला, म्हणजे तो पिवळा बारा आकडी टॅग नसेल तर जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही, आणि जंगली जनावरानं मारलं तर टॅग नसताना सरकारी भरपाईही नाही. मेंढीला टॅग होता पण नोंद विकणाऱ्याच्या नावावर. ती भारत पशुधन ह्या सरकारी नोंदणीच्या ॲपवर मामांच्या नावावर करायची तर ओटीपी येणार मामींच्या मोबाईलवर, कारण नंबर त्यांचा दिलेला, आणि मामी वाड्यावर माळात, रेंज नाही. एक पोरगं मोटरसायकलवर पाठवलं, मामी फोन घेऊन टेकाडावर चढल्या, तोवर ओटीपीची वेळ संपली, परत पाठवा. दुपारचा एक वाजला. नोंद करणारे जनावरांचे डॉक्टर बिचारे शांत होते, म्हणाले रोजचंच आहे. तर टीप: धनगर कुटुंबाचा कुठलाही ऑनलाइन कागद करायचा असेल तर ज्याच्या आधारला जो मोबाईल आहे तो माणूस मोबाईलसकट समोर बसलेला पाहिजे, बाकी सगळं दुय्यम.

विम्याचं त्याहून लांबलं. केंद्र-राज्याच्या योजनेत पशुपालकानं प्रीमियमचा फक्त १५ टक्के वाटा भरायचा असतो, त्यामुळं आमच्या वाट्याला शंभराच्या आतच आले, पण एजंटला फिरता कळप नकोच होता. "पत्ता कुठला टाकू मॅडम, आज आटपाडीत, पुढच्या महिन्यात कुठं?" रास्त प्रश्न होता त्याचा. शेवटी गावचा पत्ता, डॉक्टरांचा तब्येतीचा दाखला, टॅग स्पष्ट दिसेल असा मेंढीचा मामांसोबत फोटो, असं सगळं करून डिसेंबरात पॉलिसी आली. टॅग हरवला तर क्लेम नाही, त्यामुळं टॅग तुटला की लगेच नवा मारून घ्यायचा आणि विमावाल्यांना कळवायचं, हे मामींना मी इतक्यांदा सांगितलं की त्या मला "टॅगवाल्या ताई" म्हणायला लागल्या. मेंढीला मात्र नाव ठेवू दिलं नाही त्यांनी. वाड्यावर सगळे तिला "सांगलीची" म्हणतात.

डिसेंबरात वाडा खाली नदीकडं निघाला. फोटो महिन्याला येणार असं ठरलं होतं, आले कधी दोन एकदम, कधी काहीच नाही. सुरुवातीला मी वैतागायचे. मग फेब्रुवारीत वाडा पलूसच्या बाजूला बसलाय कळलं, म्हणजे आमच्यापासून तासाभराच्या आत, तर विचारून एका रविवारी गेले. ऊस तुटलेलं रान, त्यात वाघर लावलेली, वाघर म्हणजे मेंढ्यांभोवतीची जाळी, आत शेकड्यानं मेंढ्या. शेतकरी रात्री मेंढ्या बसवल्याचे पैसे नाहीतर धान्य देतो, रानाला खत मिळतं. मामी पहाटे चारपासनं उठलेल्या, चूल, कोकरं, पाणी, घोड्याचं खाणं. मी गेले तेव्हा त्या एका मेंढीला गुडघ्यात धरून दुसरीच्या कोकराला पाजत होत्या आणि मेंढी पाय झाडत होती, त्यातच मला म्हणाल्या, "बसा ताई, च्या ठेवते." आता ह्या बाईनं दर महिन्याला फोटो काढून पाठवायचा, ही अपेक्षा मी तिथंच सोडली.

सांगलीचीला जानेवारीत कोकरू झालं होतं, नर, आईसारखंच काळ्या तोंडाचं. डालग्याखाली झाकलेलं होतं, उचलून माझ्या हातात दिलं. मी लांडग्यांबद्दल विचारलं तर मामा म्हणाले, "लांडगं काय आजचं हाय व्हय? आमच्या बापाच्या काळात बी न्ह्यायचं. त्येचा बी वाटा असतुया. पर तवा रान बी हुतं, आन् मेंढरू बी आजच्या भावाचं नव्हतं." हा वाट्याचा विषय मी वाचला होता, की धनगर लांडग्याचा वाटा मानतात वगैरे, आणि वाचताना छान वाटतं. पण वाटा मानायचा आणि सात हजाराचं कोकरू जाताना बघायचं, ह्या दोन गोष्टी एकाच माणसाला कराव्या लागतात, आणि आपण सांगलीत पंख्याखाली बसून म्हणायचं किती सुंदर परंपरा. मला तरी तिथं उभं राहून ते म्हणायचं धाडस झालं नाही.

एप्रिलमध्ये कोकराला टॅग मारला, पावसाच्या आधी आंत्रविषाराची (आतड्यातल्या विषबाधेचा रोग) लस झाली, पीपीआर ह्या साथीच्या रोगाची आधीच झाली होती. फिरत्या वाड्याला १९६२ नंबर फार उपयोगी पडतो, पशुवैद्यकीय गाडी येते. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर वाडा परत वर आटपाडीकडं गेला.

जुलैत फोन आला. संस्थेच्या मुलाचा, सकाळी, मी ऑफिसला निघत होते. रात्री पाऊस होता, कुत्री एका बाजूला भुंकत राहिली आणि दुसऱ्या बाजूनं वाघरीखालनं लांडग्यानं कोकरू ओढलं. कुणाचं ते त्यानं जरा थांबून सांगितलं. सांगलीचीचं.

मला वाईट वाटलं हे खरं सांगते, आणि राग पण आला, आणि मग स्वतःचंच हसू आलं, कारण मी पैसे भरले होते ते नेमके ह्याच्यासाठीच ना? लांडगा जगावा म्हणून मेंढी घेतली आणि लांडग्यानं खाल्लं तर रडायचं, हे काय बरोबर नाही. पण हातात घेतलेलं कोकरू होतं ते.

भरपाईचं आता नीट वाचा, कारण हे सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. सरकारी नियम असा की शेळी-मेंढी वन्यप्राण्यानं मारली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळतं, गाय-बैल-म्हशीला हीच मर्यादा ७०,००० आहे. ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवायचं, वनरक्षक येतो, पंचनामा होतो, पशुवैद्यक तपासून दाखला देतात, आणि तोपर्यंत मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. कुणाला फोन करायचा कळत नसेल तर वनखात्याचा १९२६ नंबर आहे. वनरक्षक त्याच दिवशी दुपारी आलेसुद्धा, चिखलातनं, त्यांना पूर्ण मार्क. पण पंचनामा कशाचा करणार? बिबट्या-लांडग्यानं मोठी मेंढी मारून टाकून दिली तर मढं असतं. कोकरू लांडगा उचलून नेतो, मागं राहतं काय तर काटेरी झुडपाला अडकलेली थोडी लोकर. पावसानं पाऊलखुणा गेलेल्या. टॅगही गेलेला, कानासकट. डॉक्टर तपासणार काय? वनरक्षकांनी स्वतःच्या वहीत नोंद घेतली, सहानुभूतीनं बोलले, आणि सांगितलं की ह्यात केस बसणार नाही. गंमत म्हणजे कोकरू भारत पशुधनच्या नोंदीत पुढं बरेच दिवस जिवंतच होतं.

विमा फक्त आईचा होता, कोकराचा नाही. म्हणजे उरला तो संस्थेचा फंड, आणि ही योजना मुळात का आहे हे मला तेव्हा कळलं. मला आधी वाटायचं सरकार देतंय तर ह्यांचं काय काम. बहुतेक नुकसान असंच असतं, कोकराचं, पुराव्याशिवायचं, आणि वाडा तर दुसऱ्या दिवशी पुढं हललेला असतो.

पण पुरावा नाही तर फंड तरी कशावर देणार? इथं ती गावातली कमिटी येते. हिमाचलातल्या स्पितीत किब्बर गावात हिमबिबट्यासाठी २००२ पासून गावकऱ्यांचीच विमा योजना चालते, ती पण अशीच, नुकसान खरं की खोटं ते गावातलीच माणसं ठरवतात. आटपाडीत कमिटीतले दोघं जण वाड्यावर गेले, वाघर बघितली, शेजारच्या वाड्यावर विचारलं, कुत्र्यांचं विचारलं, आणि मामांचं तोंड बघितलं असणार. एका मेंढपाळाला दुसऱ्याचं कोकरू गेलं की विकलं हे कळतंच, वर फंड सगळ्यांचा मिळून, त्यामुळं खोटं सांगणाऱ्याला सोडत नाहीत. मागं एकाचं नामंजूर केलंय म्हणे. मामांचं मंजूर झालं, ४,००० रुपये. कोकराचा भाव सातच्या आसपास होता. पैसे आठवड्याच्या आत मामींच्या खात्यावर आले. मी फोन केला तर मामा म्हणाले, "चार आलं, तीन बुडालं. त्या तिनाचं बिल आता लांडग्याला पाठवा." आणि हसले. तीन हजार म्हणजे त्यांना किती, हे मी त्या हसण्यावरनं ठरवणार नाही.

आता माझ्या चिडण्याबद्दल. २०२४-२५ च्या देणग्यांचं विवरण संस्थेनं ३१ मे २०२५ पर्यंत भरायचं आणि देणगीदाराला १० बीई सर्टिफिकेट द्यायचं, हा नियम आहे, मी हेच काम करते म्हणून मला तारखा पाठ. जून गेला, जुलै गेला, नाही. फोनवर "सीए कडं आहे मॅडम". मी म्हटलं मी पण तिकडंच बसते! शेवटी कळलं की माझ्या पॅनमधलं एक अक्षर चुकीचं भरलेलं, त्यामुळं सुधारित विवरण भरायला लागलं. त्या वर्षी रिटर्नची मुदत १६ सप्टेंबरपर्यंत वाढली होती म्हणून निभावलं, नाहीतर वजावट गेलीच होती. तर पैसे दिल्यावर महिन्याभरातच पावती मागून त्यावरचं पॅन, नाव, रक्कम तपासा, नुसत्या साध्या पावतीवर आता सूट मिळत नाही, १० बीई च लागतं. आणि संस्था छोटी असेल तर एप्रिलमध्येच प्रेमानं आठवण करा, त्यांच्याकडं अकाउंटंट म्हणजे तोच मुलगा जो पहाटे बाजारात मेंढ्या बघतो आणि पावसात वाघर तपासायला जातो.

एकूण खर्च विचारलेल्यांसाठी: पहिल्या वर्षी १८,०००, आणि जाण्यायेण्याचं डिझेल ज्याचं त्याचं. पैसे एकदम जमत नसतील तर दोघी-तिघी मिळून एक मेंढी चालते, पण ८० जी ची पावती एकाच नावावर निघेल हे आधी ठरवा, आमच्या ऑफिसातल्या दोघी त्यावरनंच अडल्यात. पैसे गणपतीच्या आधी द्या, म्हणजे दिवाळीनंतर वाडा हलायच्या आत खरेदी, टॅग, विमा होतो, नंतर माणसं सापडत नाहीत. आणि वाड्यावर जाताना पोरांना चॉकलेट नेण्यापेक्षा मामींना विचारा काय हवंय, मला त्यांनी चार्जिंगची बॅटरी सांगितली होती, रात्री कुत्री भुंकली की माळावर मारायला, लांब उजेडाची.

सांगलीची परत गाभण आहे. लांडग्याच्या टोळीत पिल्लं आहेत असं संस्थेच्या कॅमेऱ्यात दिसलंय म्हणे, फोटो मला दाखवला, जागा सांगितली नाही, मी विचारली पण नाही. मामांना मात्र दुसरी मेंढी नकोय, ते म्हणाले पुढच्या वेळी पैसे द्यायचेच तर वाघर नवी घ्यायला द्या, जुनी खालनं सैल झालीय. संस्थेला कळवलंय, त्यांच्या फॉर्ममध्ये वाघर असा पर्याय नाही, बैठकीत ठेवतो म्हणालेत. ह्या वर्षीचे ३,००० मी ऑक्टोबरातच भरले. पावती अजून यायचीय.